खसखसनं दाखवलेलं पाणी

तीर्थरूप दाजी यांना,

धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळं अर्धाच वाकलो आहे, उरलेला समक्ष भेटीत वाकेन.) तुमचा गुडघा आता कसा आहे? ताई सांगत होती की तुम्ही सकाळी गुडघ्यासाठी फिरायला म्हणून निघता आणि कोपऱ्यावरच्या हॉटेलात भजे खाऊन परत येता. मी तिला म्हणलं, अगं, भज्यापर्यंत तरी चालतच जातात की! या घरात तुमची बाजू घेणारा मी एकटाच आहे, एवढं ध्यानात असू द्या. ताईची नवी फरशी कशी आहे? पुनम शाळेत रडते का अजून? इकडं सगळे मजेत आहेत, म्हणजे आई मजेत आहे आणि अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुमच्या फोनवर आलेलं सगळं ताई स्पीकरवर टाकून भाजी निवडत ऐकते, आणि माझा फोन परवा फुफाट्यात मेला. तो कसा मेला तेच सांगायला बसलो आहे.

आधी तुमचा एक गैरसमज काढतो. मी नांदेडचं कॉलेज अर्ध्यात सोडलं ते ऋतुजासाठी, असं ताईनं तुमच्या कानावर घातलं असेल. साफ खोटं आहे. सरांनी भर वर्गात मला "या पाहुणे, कधी आलात?" म्हणलं, माझं डोकं फिरलं, मी वही बाकावर आपटली आणि तडक बसस्टँड गाठलं. आता गावात येऊन बघतो तर आमच्या भिंतीला लागून हणमंतरावांचं घर आणि त्या घरात त्यांची मुलगी ऋतुजा, यात माझा काय दोष? (तशी ती जन्मापासून तिथंच आहे.) पण नशीब बघा. मी नांदेड सोडून गावात आलो आणि पुढच्याच महिन्यात तिचा नर्सिंगला नंबर लागला. कुठं? नांदेडला! अहमदपूरच्या ज्या स्टँडवर मी बॅग घेऊन उतरलो, त्याच स्टँडवरून ती बॅग घेऊन गेली. गाडी सुटताना तिनं खिडकीतून माझ्याकडं बघितलं आणि म्हणली, "आदिनाथ, खसखसच्या घमेल्यातली वाळू बदलत जा रे. बाबा विसरतात." बस, एवढंच. दाजी, दुसऱ्या पोरांना पोरी फोटो देतात, रुमाल देतात. मला वाळू मिळाली. मी म्हणलं, वाळू तर वाळू.

खसखस म्हणजे त्यांची मांजर. पांढरी, अंगभर बारीक करडे ठिपके, ऋतुजा चौथीत असताना आणलेली, म्हणजे आता मांजरांच्या जातीत पेन्शनीला बसलेली. तिला ऋतुजानं लहानपणापासून मागच्या वसरीतल्या घमेल्यात जायची सवय लावलेली. गावातली बाकीची मांजरं जगाच्या उकिरड्यावर कुठंही कार्यक्रम उरकतात, पण ही कलेक्टरीणबाईसारखी घमेल्यात जाणार, उकरणार, झाकणार आणि मग बाहेर येणार. मी रोज सकाळी घमेलं उचलायचो. हणमंतरावांची बहीण केवळाबाई दारात उभी राहून बघायची. (सगळं गाव तिला आत्या म्हणतं, पण ऋतुजाची आत्या म्हणून मी जरा जास्त जिव्हाळ्यानं म्हणतो.) एक दिवस म्हणली, "आदिनाथा, बापाच्या वावरात कधी तू घमेलं उचलल्यालं दिसलं न्हाई. आमच्या मांजरीचं बरं उचलतूस!" मी म्हणलं, मुक्या जीवाची सेवा आहे आत्या. ती म्हणली, "हाव, मुक्या जीवाची. बोलका जीव नांदेडला हाय."

वाळूचीही एक कथाच झाली. तुम्हाला माहीतच आहे, वाळू आता केशरासारखी झाली आहे. मी नदीतून खताच्या रिकाम्या गोणीत जराशी भरून मोटारसायकलवर आणत होतो, तर फाट्यावर तलाठ्यानं अडवलं. माझ्या शेजारून हायवा गाड्या डोंगराएवढी वाळू घेऊन धूळ उडवत जात होत्या, त्यांना कुणी शिट्टीसुद्धा मारली नाही. मला मात्र विचारलं, रॉयल्टीची पावती कुठाय? मी खरं ते सांगितलं, की साहेब, मांजरीला हगायला नेऊन राहिलो. झालं! साहेबांना वाटलं मी त्यांची टिंगल करतो. म्हणले, साठा दाखव. मीही तापलो, म्हणलं चला, साठाच दाखवतो. घरी नेऊन घमेल्यापुढं उभं केलं. साहेबांनी खाली बसून मूठभर वाळू उचलली, तळहातावर चोळून बघितली, बारीक आहे का भरड म्हणून नाकापाशी नेली, आणि मग बराच वेळ हात धूत बसले. त्या दिवसापासून आमच्या गावात एकच माणूस उजळ माथ्यानं वाळू आणतो, तो मी.

असं सगळं सुखात चाललेलं असताना खसखस बिघडली. एकाएकी ती पाणी प्यायला लागली. म्हणजे किती, तर म्हशीच्या टाकीवर चढून, न्हाणीतल्या बादलीतून, आत्याच्या पूजेच्या तांब्यातून, जिथं ओल दिसेल तिथं. आणि जेवढं पिणार तेवढं बाहेर. घमेल्यापर्यंत पोचायचा धीर तिला राहिला नाही. हणमंतरावांच्या धुतलेल्या धोतरावर मुतली, सोयाबीनच्या पोत्यावर मुतली, चुलीच्या राखेत मुतली, मागच्या निवडणुकीचा फ्लेक्स पत्र्याच्या भोकावर टाकला होता, त्यातल्या हात जोडलेल्या उमेदवाराच्या तोंडावर मुतली. (ताई वाचत असेल तर तिनं सगळीकडं 'लघवी' वाचावं.) खायची भरपूर आणि दिसामाशी वाळत चाललेली. पाठीवरून हात फिरवला तर मणके जपमाळेसारखे लागायचे.

आत्यानं मीठ-मिरच्या उतरवून दृष्ट काढली, मग पाणीच बंद करून बघितलं, तर ती नळाच्या तोटीला तोंड लावून बसली. मी तिला पिशवीत घालून जनावरांच्या एका खाजगी डॉक्टरकडं नेलं. ते बिचारे जन्मभर म्हशीच तपासत आलेले. पिशवीकडं न बघताच त्यांनी विचारलं, "दूध किती देती?" मी म्हणलं, मांजर आहे. ते म्हणले, "बरं बरं. मग गाभण कधी गेली होती?" शेवटी शेळीला द्यायची जंताची पुडी देऊन म्हणले, यातली चिमटीभर द्या. दिली. फरक एवढाच पडला की खसखस मला बघून पळायला लागली.

आता पुढचं नीट वाचा, कारण इथून गाव येडं झालं. हणमंतरावांचं वावर गावच्या पाझर तलावाच्या अंगाला आहे. तिथं बांधाच्या खालच्या कोपऱ्यात माती भुसभुशीत, लोण्यासारखी. म्हातारीला ती जागा आवडली. घरातल्या वाळूत उकरायला पंजे दुखत असतील, म्हणून रोज दुपारी चालत वावरात जायची, त्याच जागी उकरायची आणि बसायची. हणमंतरावांनी हे बघितलं. तुम्हाला ठाऊक आहे, त्यांनी आजवर जेवढे बोअर घेतले, सगळ्यांतून फुफाटा उडाला. आणि सगळ्या जागा कुणी दाखवल्या, तर दगडोबानं. (दगडोबा आमचा पाणाड्या. तळहातावर नारळ धरून वावरात फिरतो, नारळ उभा राहिला की खाली पाणी आहे म्हणतो. नारळ उभा राहायचा, पाणी झोपलेलं असायचं.) हणमंतरावांनी दगडोबाला बोलावलं. दगडोबानं त्या ओल्या जागेकडं बघितलं, खसखसकडं बघितलं, डोळे मिटले आणि म्हणला, "मालक, नारळाला काय कळतंय? मांजराला जमिनीतल्या पाण्याचा वास येतो. वरचं पाणी खालच्या पाण्याला हाक मारून राहिलं."

मी तिथंच होतो. माझं डोकं तडकलं. मी म्हणलं, अहो, ती आजारी आहे! आणि रागाच्या भरात दगडोबाच्या हातातला नारळ हिसकून बांधावरच्या दगडावर असा आपटला की त्याची शकलं झाली. मला वाटलं आता मारामारी होणार. तर सगळ्यांनी हात जोडले. हणमंतराव म्हणले, "वा! जाग्याला नारळबी फुटला. पोराच्या हातनं शुभ झालं." माझ्याच रागाचं खोबरं सगळ्यांनी वाटून खाल्लं. दाजी, या गावात माणसानं संतापावं तरी कसं?

बोअरची गाडी आली, जागा खोदली, आणि पाणी लागलं. असं लागलं की फवारा लिंबाच्या शेंड्याला गेला. अहो लागणारच, वर तलाव तुंबलेला! तिथं आमची म्हैस मुतली असती तरी पाणी लागलं असतं. पण ऐकतो कोण? त्या दिवशी खसखसला हळदकुंकू लागलं, गळ्यात झेंडूची माळ पडली, कुणीतरी रील काढली, आणि आठवड्याभरात दारात मोटारसायकली उभ्या राहिल्या. जळकोटचे आले, चाकूरचे आले, कर्नाटकातले कानडी बोलणारे पाहुणे आले. दगडोबानं नारळ सोडला आणि मांजरीचा मॅनेजर झाला. तिला नव्या टोपलीत लाल कापडावर बसवून वावरोवावर फिरवायचा. आणि दाजी, सगळ्यात वाईट हे की तिला जास्त मुतावं लागावं म्हणून आधी खारवलेली मासळी खाऊ घालायचे, वर पाण्याचं भांडं पुढं करायचे. मी हणमंतरावांना कळवळून सांगितलं, काका, तिला लातूरला दाखवू, तिचं काहीतरी बिघडलंय. तर माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्यांची दुभती म्हैस कापा म्हणलो. म्हणले, "आदिनाथ, ती बरी झाली तर मग पाणी कोण दाखवील?"

मी ऋतुजाला फोन केला. (मांजरीच्या कामासाठीच केला.) तिनं रील बघितलेली होती. मला वाटलं हसेल, ती रडत होती. म्हणली, "इतकी तहान, इतकी लघवी आणि खाऊन खाऊन वाळणं, ह्या वयात मूत्रपिंड नाहीतर शुगर, नाहीतर गळ्याची गाठ. रक्त तपासल्याशिवाय कळणार नाही. पाणी कधी तोडू नका आणि ती मासळी आधी बंद करा. बाबा माझं ऐकत नाहीत. तुला मी वाळू सांगितली होती ना? नुसती वाळू बदलून तू काय केलंस? तिला काही झालं तर मला तोंड दाखवू नको." फोन ठेवला. तेव्हापासून माझ्या घशाखाली भाकर उतरली नाही. (चपाती उतरते, पण ती चव नाही.) त्याच दिवशी मी ठरवलं की मांजर पळवायची.

संधी मिळाली आप्पांच्या फार्महाउसवर. आप्पा कोण ते लिहीत नाही, चाकूर रोडवर त्यांच्या कमानीखालूनच तुमची लातूरची गाडी जाते. त्यांनी माळावर हौसेनं बंगला बांधला, पण पाण्याचा थेंब नाही. खसखसला मानानं बोलावलं. मंडप, वाजंत्री, पन्नाशीच्या पुढचे सगळे पुढारी. मी दगडोबाचा मदतनीस म्हणून टोपली उचलून गेलो. बाहेर ऊन रणरणत होतं. टोपलीतून सोडल्याबरोबर म्हातारीनं माळाकडं बघितलं, वाजंत्र्याकडं बघितलं आणि सरळ बंगल्यात शिरली. मागं सगळे. ती हॉलमध्ये गेली, नव्या कोऱ्या गालिच्यावर थांबली, दोनदा उकरल्यासारखं केलं आणि बसली. आप्पांचा चेहरा पडला. तेवढ्यात दगडोबानं हात जोडले आणि म्हणला, "आप्पा, पाणी घरात चालून आलंय. असं नशीब कुणाला मिळत न्हाई." मागून चार कार्यकर्ते ओरडले, "आप्पांचा विजय असो!" आता आप्पा कसे नाही म्हणणार? मी अजून वाट बघत होतो की कुणीतरी शहाणा हसेल. कुणी हसलं नाही. मी खसखसला परत टोपलीत ठेवलं, कार्यकर्त्यांनी गालिचा गुंडाळला, फरशी फोडली, बोअरची गाडी आत येईना म्हणून समोरची भिंत पाडली.

आणि मग हॉलच्या मधोमध बोअर सुरू झाला. दाजी, उघड्या माळावर फुफाटा उडतो तेव्हा तो आभाळात जातो. हॉलमध्ये त्याला जायला जागा नाही. पांढरी भुकटी छतावर आपटून खाली येत होती, सोफ्यावर, झुंबरावर, आप्पांच्या मोठमोठ्या लोकांबरोबरच्या फोटोंवर. कार्यकर्ते सत्काराच्या शाली काढून बोअरच्या तोंडावर टाकत होते आणि शाली वर उडत होत्या. कुणाला कुणी दिसेना. आप्पा पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे उभे होते आणि ओरडत होते, "पाणी लागलं का रे? लागलं का?" त्या गोंधळात मी खसखसला टोपलीतून काढलं, शर्टाच्या आत घातलं आणि पाडलेल्या भिंतीतून बाहेर पडलो. फोन तिथंच पडला. कुंपणावरून उडी मारताना कंबर धरली. आणि शर्टाच्या आत बसल्या बसल्या तिनं पुन्हा एकदा पाणी दाखवलं. प्रेमात लोक काय काय सोसतात म्हणे. मी ऊन-ऊन सोसलं.

आता गावात दोन पार्ट्या आहेत. आप्पांची माणसं म्हणतात मांजर खोटारडी, तिला हजर करा. दगडोबाची माणसं म्हणतात, पाणी लागणारच होतं, पण मांजर जाग्यावरून हलली आणि पाणीही हललं. हणमंतराव डोक्याला हात लावून बसले आहेत, कारण जळकोटची माणसं दारात येऊन बसली आहेत. सगळे मला विचारतात आणि मी सगळ्यांना विचारतो. खसखस आमच्या वावरातल्या आखाड्यावरच्या खोपटात, कडब्याच्या आडोशाला ठेवली होती. तिथंही पाणी प्यायची, माझ्या मांडीवर डोकं ठेवायची, आणि अंगात काही नसल्यासारखी हलकी लागायची. मी गावातून हललो तर सगळ्यांना कळेल, ऋतुजाचं नाव माझ्या नावाला जोडतील, म्हणून मला इथंच चेहरा कोरा ठेवून बसणं भाग आहे. आता ती कुठं आहे ते कागदावर लिहीत नाही. सुखरूप आहे एवढंच समजा.

तर असा सगळा मजकूर. माणसं आजाराला देव करतात आणि देवाला आजार लावतात, मी एकटा डोकं ठिकाणावर ठेवून आहे. ताईला नमस्कार, पुनमला गोड पापा. गुडघ्याला तेल लावत जा आणि भजे कमी करा (हे ताईसाठी लिहिलं आहे).

तुमचा आज्ञाधारक मेव्हणा,
आदिनाथ

ता. क. सिद्धरामनं भाजीच्या पिकअपमधून हे पत्र आणि त्यासोबत वांग्याची टोपली दिली असेल. त्यात वांगी नाहीत. टोपली उघडताना दार लावून घ्या. ती चावत नाही, फक्त थकलेली आहे. न्हाणीत ठेवा, पाण्याचं भांडं कायम भरलेलं ठेवा, आणि फरशीवर काही झालं तर ताईला म्हणावं तिला रागावू नको, ती मुद्दाम करत नाही. तुमच्या लातूरला मांजरं-कुत्री बघणारे डॉक्टर आहेत म्हणतात. आजच न्या, रक्त तपासा, लघवी तपासा. दाजी, मी तुमच्याकडं आजवर काही मागितलं नाही. (मागच्या वर्षीची गाडी सोडून.)

ता. क. २. रविवारी ऋतुजा नांदेडहून तुमच्याकडं येईल. मी तिला सिद्धरामच्या फोनवरून तुमचा पत्ता दिला आहे. ताईनं तिला चहा द्यावा, माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगू नयेत. तिनं विचारलं तर सांगा की आदिनाथ शांत स्वभावाचा आहे.

ता. क. ३. हे शेवटचं, आणि फक्त तुमच्यासाठी. काल संध्याकाळी तिला टोपलीत घालायच्या आधी ती आमच्या वावरात चिंचेच्या खाली गेली. उकरलं आणि बसली. तलाव तिथून लांब आहे, दाजी. माती पण भुसभुशीत नाही, नुसता मुरूम आहे. मग ती तिथंच का बसली असेल? मी काही त्यातलं मानत नाही. पण खुणेला दगड ठेवला आहे. तुम्ही डॉक्टरला एवढं विचारून बघा की औषध चार दिवस उशिरा सुरू केलं तर काही बिघडतं का, म्हणजे तिला एकदा परत आणून

वरची ओळ वाचू नका. खोडायला गेलो तर कागद फाटतो म्हणून तशीच ठेवली. औषध आजच्या आज सुरू करा, ती बरी झाली पाहिजे, मग आमचं वावर कोरडं राहिलं तरी चालेल. खरंच लिहितो.

दगड मात्र तिथंच आहे. तुमच्या ओळखीत कुणी बोअरच्या गाडीवाला असला तर त्याचा नंबर सिद्धरामच्या हाती द्या. ऋतुजाच्या नको.